डोकं थांबतच नाही, तेव्हा ध्यानाला बसायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, घर अजनीकडे. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. मन शांत व्हावं म्हणून दोन महिन्यांपासून ॲप लावून रोज २० मिनिटं बसणं सुरू आहे. पण "बसली की विचार आणखीच येऊन राहतात, डावा पाय बधिर होतो, रात्री बसलं तर झोप लागते. काही लोकांना ध्यान जमतच नाही का?"

जमतं. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी दोन तर मनाच्या नाहीतच. पाय बधिर होणं हा बैठकीचा दोष आहे आणि झोप लागणं हा वेळेचा. उरली पहिली, विचार वाढण्याची. ती बहुतेकांची असते, आणि तिच्यात बिघाड असा काही नाही.

नागपूरकराला हे सांगणं सोपं आहे. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. लाइन जाते, कूलर बंद पडतो आणि वाटतं, घड्याळ आत्ताच सुरू झालं. घड्याळ दुपारभर चालूच होतं. दिवसभर मोबाइल, मीटिंग, ट्रॅफिक आणि पोरांची भांडणं हा तुमचा कूलर. डोळे मिटून बसलात की तो बंद होतो आणि आतली टिकटिक कानावर येते. मेंदूचा अभ्यास करणारेही वेगळ्या वाटेने इथेच पोचले आहेत. बाहेरचं काही काम हाती नसलं की मेंदूतलं एक ठरावीक जाळं जास्तच कामाला लागतं: झालेलं घोळवणं, येणाऱ्याचे बेत करणं, लोक आपल्याबद्दल काय म्हणतील याचा हिशोब मांडणं. मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये त्याला 'डिफॉल्ट मोड' असं नाव दिलं. म्हणजे मोकळं सोडलेलं मन रिकामं बसत नाही, ते आपल्या नेहमीच्या धंद्याला लागतं.

म्हणून घाईच्या मनाला 'शांत हो' असं सांगून उपयोग नसतो. त्याला एक लहानसं काम द्यावं लागतं. काम फार सोपं असलं तर ते सुटून पळतं, फार अवघड असलं तर थकतं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या कामाचं माप बसवण्याबद्दल आहे. आणि त्याच्याही आधी बैठक, कारण नव्वद टक्के उत्साह तिथेच संपतो (हा आकडा अंदाजाचा, अनुभव मात्र पक्का).

पतंजलींनी आसनाबद्दल सूत्र दिलं ते तीनच शब्दांचं: स्थिर, सुखकर, ते आसन. त्यात पद्मासनाची सक्ती नाही. खाली बसायचं असेल तर आधी सतरंजी, तिच्यावर घट्ट घडी घातलेलं ब्लँकेट किंवा कापसाची कडक उशी. तुम्ही बसल्यावर तिची उंची ४ ते ६ इंच उरली पाहिजे. सोफ्याची फोमची उशी दिसायला सहा इंच असते, वजन पडलं की दोनच राहते. ती चालत नाही. पलंगाची गादीही नाही. उशीच्या मधोमध न बसता पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसा, म्हणजे माकडहाड उशीवर राहतं आणि मांड्या उतरत्या होतात. घरातल्या कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांगा. गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा खाली दिसले पाहिजेत. ते वर दिसत असतील तर उशी कमी पडते आहे. गुडघे वर राहिले की कंबर मागे ढळते, पाठीला कुबड येतं आणि सातव्या-आठव्या मिनिटाला पाठ बोलायला लागते. त्यानंतर जे चालतं ते ध्यान नसतं, सहन करणं असतं.

पायाच्या बधिरपणाकडे वळू. एक पाऊल दुसऱ्या पोटरीवर किंवा मांडीखाली दाबलं गेलं की शिरेवर, म्हणजे मज्जातंतूवर, दाब येतो. बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने किंवा मांडीच्या मागून जाणारी शीर. लोक समजतात रक्त थांबलं, पण मुंग्या येतात त्या मुख्यतः शीर दबल्यामुळे. उपाय म्हणजे मांडीची घडी मोडा. दोन्ही पावलं जमिनीवर, एकापुढे एक ठेवा, एकावर एक नाही. डावा पाय आत असतो का, ते पाहा. एक दिवस डावा आत, एक दिवस उजवा. गुडघा अधांतरी राहत असेल तर खाली टॉवेलची घडी सरकवा. एवढं करूनही उठल्यावर चार-पाच मिनिटं पाय जागा होत नसेल तर मुकाट्याने खुर्ची घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

खुर्चीचं सांगतो. जेवणाच्या टेबलाची साधी, न फिरणारी, १७-१८ इंच उंचीची. ऑफिसची चाकांची खुर्ची नको, ती सतत बारीक हलते. अर्ध्या भागावर पुढे बसा, पाठ टेकू नका. तळवे पूर्ण जमिनीवर हवेत. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या. हात मांड्यांवर, कोपर खांद्याच्या सरळ खाली. हात गुडघ्यापर्यंत पुढे नेले की खांदे ओढले जातात आणि मान दुखते. हनुवटी अगदी किंचित आत. झालं.

वेळ कोणती? रात्री जेवून बसायचं नाही. तुमचं शरीर त्या वेळी झोप मागतं, आणि त्याचं बरोबर आहे. जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्या. सावजीचा रस्सा झाला असेल तर तो दिवस सोडूनच द्या, छातीत जळजळ घेऊन श्वास पाहता येत नाही. सकाळ सगळ्यांत सोयीची: शौच, तोंड धुणं झालं की, चहाच्या आणि मोबाइलच्या आधी. मोबाइल आधी पाहिला तर दहा मिनिटं त्यातल्याच गोष्टी फिरतात. चहाशिवाय डोकं दुखत असेल तर अर्धा कप घ्या, त्याचा बाऊ करू नका.

नागपुरात या वेळेला ऋतूचं गणित आहे. मेअखेर साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि आठलाच ऊन चटका देऊ लागतं, म्हणून नवतपात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांत, साडेपाच ते सहा हीच काय ती बऱ्यापैकी वेळ. रात्रभर कूलर चालू असतो तो बंद करू नका. त्याची एकसुरी घरघर उलट मदत करते. त्रास होतो तो कटकट वाजणाऱ्या पंख्याचा. पण कूलरच्या थेट झोतात बसू नका. ओलसर वारा मानेवर सतत लागला की मान आखडल्यासारखी होते. कूलरच्या टाट्यांना कुबट वास येत असेल तर त्या बदला, कारण पुढची दहा मिनिटं तुम्ही नाकाशीच बसणार आहात. डिसेंबरात उलटं: पावणेसात वाजेपर्यंत सूर्य नसतो, फरशी बर्फ झालेली असते. शाल घ्या, कान झाका, मोजे घाला. थंडीने अंग आवळलं असताना श्वासही आवळलेलाच येतो.

सकाळ डब्यांत जात असेल तर दुसरी जागा म्हणजे ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाकघरात शिरण्याआधी. हातपाय-तोंड धुवा, कपडे बदला आणि बसा. एक पथ्य: गॅसवर कुकर ठेवून बसू नका. ठेवलाच तर तो बंद करायचं दुसऱ्या कुणावर सोपवा. नाहीतर मन तिसऱ्या शिट्टीची वाट पाहत बसतं आणि तुम्हाला वाटतं ध्यान लागत नाही.

आता किती वेळ. २० मिनिटं हा आकडा ॲपने दिला असेल, तो सध्या विसरा. पहिले दोन आठवडे १०. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५. पाचव्यापासून २०, आणि नोकरी-संसारातल्या माणसाला २० पुष्कळ झाले. ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी ३ मिनिटं, पण त्याच जागी, त्याच बैठकीत. रविवारी एक तास आणि आठवडाभर शून्य, हा हिशोब लागू पडत नाही. पतंजलींच्या सूत्रांमध्येही अभ्यास कशाने पक्का होतो याचं उत्तर दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने असं तीन अंगांचं आहे. त्यातला 'आदराने' हा भाग लोक विसरतात. रोजचं काम उरकल्यासारखं बसलं की मनही उरकल्यासारखं वागतं.

बसण्याआधी दोन मिनिटं कागद घ्या आणि डोक्यात जे जे लटकलेलं आहे ते एकेका ओळीत लिहा. शाळेची फी, क्लायंटचं उत्तर, गॅसचं बुकिंग, सासूबाईंचं औषध. सोडवायचं नाही, फक्त उतरवायचं. हे मोबाइलवर नको, कागदावरच. अर्धवट कामं पुन्हा पुन्हा वर येतात ती विसरण्याच्या भीतीने. कागदावर आली की तो पहारा सैल होतो. बसल्यावर मधेच काही आठवलं तर उठून लिहायचं नाही. एकदा उठलात की मनाला कळतं की महत्त्वाचं म्हणून ओरडलं की सुटका होते.

बसलात. आधी अंग सोडा. जबडा सैल, वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नकोत. जीभ टाळ्यावरून सोडा. पोट आत धरून ठेवायची सवय असते, ते ढिलं करा. कपडा कमरेला घट्ट नको. मग नाकाने दहा श्वास असे: आत घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. मध्ये रोखायचं नाही. सोडणं लांबवण्याला कारण आहे: श्वास बाहेर जाताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो आणि हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. चार-सहाच्या मापाने मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला माणूस बारा ते वीस घेतो. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही श्वास फार मोठे घेता आहात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो आहे. श्वास हळू हवा, मोठा नको. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच घ्या.

ज्या दिवशी डोकं फारच गरगरत असेल त्या दिवशी या दहा श्वासांच्या जागी पाच-सहा वेळा भ्रामरी करा. ओठ मिटलेले, दात सुटे. अंगठ्यांनी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा हलकेच आत दाबा आणि सोडत्या श्वासावर खालच्या पट्टीत गुंजन. श्वास खरवडून संपेपर्यंत ओढू नका. कान दुखत, वाहत असेल तर कान न दाबता करा. टीव्हीवर पाहून बरेच जण ध्यानाआधी कपालभाती करतात. घाईच्या मनाला ती सहसा मानवत नाही, अंगात तरतरी येते आणि ती मग बसू देत नाही. रक्तदाब असेल, पोटाचा काही विकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ती करूच नका.

यानंतर श्वासावरचा ताबा सोडायचा. तो कसा येईल तसा येऊ द्यायचा, आणि एकाच जागी पाहायचा. नेहमी सांगितली जाणारी जागा म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर: आत जाताना गार, बाहेर येताना कोमट. इथे नागपूरची एक गंमत आहे. मे महिन्यात दुपारी खोलीची हवाच जवळजवळ अंगाइतकी तापलेली असते. त्या वेळी आत येणारा श्वास गार लागतच नाही, आणि नवशिका 'मला काही जाणवत नाही' म्हणून सोडून देतो. अशा वेळी जागा बदला, बेंबीच्या वर तळहात ठेवा आणि पोटाचं उठणं-बसणं पाहा. ज्यांना श्वासाकडे पाहिलं की गुदमरल्यासारखं होतं त्यांनीही पोटच धरावं. तेही नको वाटलं तर तळहातांचा मांडीला होणारा स्पर्श धरा. श्वास हा सोयीचा खुंटा आहे, एकमेव नाही.

आणि आता ते लहानसं काम. श्वास पूर्ण बाहेर गेला की मनात 'एक'. पुढचा गेला की 'दोन'. दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. अंक कुठे हरवला ते कळलं की शोधाशोध न करता 'एक'. बस. दहाच का? बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथात, म्हणजे पाचव्या शतकात, याचं उत्तर दिलेलं आहे: पाचाच्या आत थांबलात तर मन आखूड गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं धडपडतं, दहाच्या पुढे गेलात तर ते श्वास सोडून अंकालाच धरतं. ऑफिसात दिवसभर आकड्यांशी खेळणाऱ्यांनी हे दुसरं खास लक्षात ठेवावं. अंक बारीक आवाजात, श्वास ठळक. उलटं झालं, म्हणजे 'चाऽऽर' असं मोठ्याने वाजायला लागलं आणि श्वास गेला कुठे हेच कळेना, की दोन फेऱ्या अंक सोडून द्या.

मोजताना तीन चुका हमखास होतात. एक, अंकाच्या तालावर श्वास ओढला जातो. मोजणं पुढे आणि श्वास मागे. खूण अशी की छाती भरून येते आणि मधेच एक मोठा उसासा लागतो. तो येऊ द्या, आणि अंक नेहमी श्वास संपल्यावरच म्हणा, आधी नाही. दोन, अचानक 'सतरा'वर जाग येते. म्हणजे तोंडपाठ चाललं होतं. मग दहापासून उलटं मोजा, त्याला थोडी जास्त जाग लागते. तीन, स्पर्धा: 'आज चार वेळा दहा गाठले'. पहिल्या महिन्यात तीन-चारच्या पुढे गेला नाहीत तरी काही बिघडत नाही, कारण मोजणीचं काम दहा गाठणं नाहीच. तुम्ही कधी हरवलात ते लवकर कळावं यासाठी ती आहे.

हा क्षण जवळून बघू. एक. दोन. तीन. बाहेर भाजीवाल्याची हाक. त्यावरून मेथी, मेथीवरून धाकटा मेथी खात नाही, त्यावरून त्याच्या शाळेतल्या बाईंचं बोलणं, त्यावर आपण काय म्हणायला हवं होतं ते, चांगलं दोन वाक्यांत, ठसक्यात. आणि मग एकदम: अरे. या 'अरे'च्या आधी तुम्ही विचारात होता आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं. 'अरे'च्या वेळी माहीत झालं. आणलं कुणी? कुणीच नाही, ते आपोआप घडलं. इथेच लोक चूक करतात. स्वतःवर चिडतात, किंवा कुठून कुठे गेलो याचा माग काढत बसतात, म्हणजे मेथीपर्यंत परत चालत जातात. दोन्ही नवे विचारच. करायचं एवढंच: विचाराला एका शब्दाची चिठ्ठी लावा, 'भांडण'. जबडा आणि जीभ तपासा, कारण मनात बोलताना जीभ नकळत ताठ झालेली असते. एक श्वास पूर्ण बाहेर. 'एक'. दहा मिनिटांत असं वीसदा झालं तर वीसदा व्यायाम झाला. जिममध्ये वजन खाली येतं म्हणून कुणी रडत नाही.

चिठ्ठ्या चार-पाचच ठेवा: काल, उद्या, भांडण, हिशोब, स्वप्न. विहारात जाणाऱ्यांना पाच नीवरणं, म्हणजे ध्यानाच्या आड येणारे पाच अडथळे, माहीत असतील. त्यात 'उद्धच्च-कुक्कुच्च' ही जोडी एकत्र सांगितली आहे, अस्वस्थता आणि पस्तावा. घाईच्या मनाचं याहून नेमकं वर्णन मिळणार नाही. एक पाय उद्याच्या मीटिंगमध्ये, दुसरा कालच्या बोलण्यात. महिनाभर चिठ्ठ्या लावल्या की तुमचं मन मुख्यतः कुठे पळतं ते दिसू लागतं, आणि ते सहसा तुम्हाला वाटत होतं तिथे नसतं.

झोपेबद्दल. सकाळीही बसल्यावर मान पडत असेल तर आधी रात्रीचे तास मोजा. सात तासांपेक्षा कमी होत असतील तर ध्यान वाढवू नका, झोप वाढवा. झोप पुरेशी असून पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून तीन-चार फुटांवर जमिनीकडे पाहा, पाठ पुन्हा उभारा, नाहीतर दोन मिनिटं उभं राहूनच मोजा. घोरणं आहे, सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येतात, असं असेल तर ते ध्यानाचं प्रकरण नाही, डॉक्टरांना दाखवा. तसंच अकारण धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर थायरॉइड तपासा. ती बेचैनी श्वास मोजून जात नाही. आणि रात्री झोप यावी म्हणून काही हवं असेल तर ते आडवं पडून करा, शवासनात पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडत. तेही उत्तम आहे, पण त्याची आणि बैठकीची सरमिसळ करू नका. बैठकीची जागा म्हणजे झोप, असं शरीर एकदा शिकलं की ते विसरायला वेळ लागतो.

काहींना बसवतच नाही, अंगात मुंग्या धावल्यासारखं होतं. त्यांनी चालावं. गच्चीवर पंधरा पावलांची एक रेघ पुरे: उचललं, नेलं, टेकवलं, टोकाला थांबून एक श्वास, वळून परत. अनवाणी, पण पहाटे. उन्हाळ्यात रात्री आठ-नऊलाही स्लॅब तापलेला असतो, तळवे भाजले की ध्यान कसलं. अंबाझरीला सकाळी फिरायला जात असाल तर शेवटची पाच मिनिटं गप्पा आणि हेडफोन बंद करून तिथेही जमेल. फुटाळ्यावर संध्याकाळी मात्र हा प्रयोग करू नका, ती जागा मक्याची कणसं खायची आहे.

ॲपचं काय? सूचना देणारा आवाज पहिले दहा-बारा दिवस चांगला. पुढे तोच अडथळा होतो, कारण मनाला सतत कुणीतरी बोलतं आहे याची चटक लागते आणि आवाज थांबला की ते पुन्हा सैरावैरा. सलग दिवसांची साखळी दाखवणारे बिल्ले तर काढूनच टाका. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि तिच्याबरोबर बसणंही सुटतं. साधा टायमर, मऊ घंटा, फोन फ्लाइट मोडवर आणि हाताच्या अंतरापलीकडे.

दिवसभरात तीन-चार ठिकाणी अर्धा मिनिट पेरून ठेवा. तुम्ही अजनी चौकातून खापरीला मेट्रोने जात असाल तर डोळे मिटायचीही गरज नाही: दार बंद होण्याच्या आवाजापासून पुढच्या स्टेशनापर्यंत तळवे जमिनीला टेकल्याची जाणीव, एवढंच. चौकात लाल सिग्नलला आकडे उलटे पळतात, तिथे हँडलवरची पकड ढिली करून तीन लांब श्वास सोडा (डोळे उघडे, अर्थातच). संतापाचा मेल आल्यावर उत्तर टाइप करण्याआधी दहापर्यंतची एक फेरी. सकाळच्या बैठकीचा उपयोग होतो आहे की नाही हे इथेच कळतं. शांतता 'लागली' का, यावरून नाही. पोरावर आवाज चढण्याच्या अर्धा सेकंद आधी छातीत जे तापतं ते कळू लागलं, तर काम चालू आहे. हे साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात दिसतं, आणि बहुधा तुमच्याआधी घरच्यांना दिसतं.

एखाद दिवशी फार छान लागतं. हलकं वाटतं, वेळ कळत नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मिळावं म्हणून बसलात की ते हमखास मिळत नाही, आणि अभ्यास सोडण्याचं हे विचारांच्या गर्दीपेक्षा मोठं कारण आहे. पतंजलींच्या नऊ अडथळ्यांच्या यादीतला शेवटचा, अनवस्थितत्व, हाच: पायरी गाठली पण तिथे टिकता आलं नाही. म्हणजे तक्रार जुनी आहे. दुसऱ्या दिवशी निमूटपणे 'एक'.

उलटाही अनुभव येतो. काहींना सैल सोडलं की भीती दाटून येते, रडू येतं, जुनं काही समोर उभं राहतं. थोडं रडू आलं तर येऊ द्या. पण भीती वाढतच गेली तर डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या आणि त्या दिवशी तिथेच थांबा. असं वारंवार होत असेल, पॅनिकचे झटके येत असतील, उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, किंवा पूर्वी भास-भ्रमाचा आजार झाला असेल, तर एकटीने ध्यान वाढवायचं नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते आणि तिला पैसे लागत नाहीत. आणि ध्यान सुरू केलं म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

कुणासोबत शिकायचं असेल तर रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, तिथे आसन-प्राणायाम विनाशुल्क शिकवतात. पाठ-कंबर आखडलेली असेल तर आधी तिकडे जा, बैठक निम्मी सुधारते. शांत बसायला जागा हवी असेल तर गर्दीचे दिवस सोडून दीक्षाभूमीचा स्तूप आहे, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आहे. विपश्यनेचं केंद्र माहुरझरीला आहे. तिथलं शिबिर दहा दिवसांचं, पूर्ण मौनाचं, पहाटे चारला उठायचं, दिवसाला सुमारे दहा तास बसायचं. फी नाही, शिबिर पुरं झाल्यावर ऐच्छिक दान. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास, मग पुढचं. मैत्रिणी म्हणतील, एकदम तिकडेच जा, सगळं सुटेल. माझं मत: आधी तीन महिने घरी रोज २० मिनिटं बसून दाखवा. पाठीची सवय नसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मनाशी नाही, गुडघ्याशी झगडत असतो. आणि वर लिहिलेल्यांपैकी काही त्रास असेल तर अर्जात तो लपवू नका.

उद्याच सुरू करत असाल तर आज रात्री एवढंच करा: उशीची उंची मोजा, बाजूने फोटो काढा, कागद-पेन आणि टायमर जागेवर ठेवा, घरात सांगून ठेवा की साडेपाच ते पावणेसहा दार वाजवायचं नाही. घंटा वाजली की झटकन उठू नका. आधी बोटं हलवा, मग खांदे, तळहात डोळ्यांवर ठेवून त्यांच्या आतच डोळे उघडा. पाय लांब करा, घोटे दोन्हीकडे पाच-पाच वेळा फिरवा, डाव्यात मुंग्या असतील तर त्या पूर्ण उतरेपर्यंत बसूनच राहा. मग उठा आणि चहा ठेवा. मोबाइल चहा पिऊन झाल्यावर.